माळ्यावरचे चौघे

त्या साली रानडुकरांनी गावाच्या तोंडचा घास पळवला. मका दुधात आला आणि टेकडीमागच्या ओढ्यातून कळपच्या कळप वर यायला लागले. खायचे थोडं, लोळायचे जास्त. सकाळी मालक बांधावर उभा राहून आडवी झालेली ताटं बघायचा आणि डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण शिव्यांनी डुक्कर मरत नाही. मग गावाने कचेरीत अर्ज केला, कचेरीने चौघांना बंदुकीचे परवाने दिले. आजवर ज्यांनी फार तर कोयता उचलला होता, अशा माणसांच्या छात्या एका आठवड्यात दोन-दोन बोटं पुढे आल्या.

चौघांतला एक सुतार. त्याची बंदूक बापाची, ठासणीची, बापाच्याच वयाची. बाप आता पडवीत खाटेवर पडून असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बंदूक कशी पुसावी ते सांगायचा. बाकीचे तिघे म्हणजे फौजी, दुकानदार आणि दूध सोसायटीचा चेअरमन.

सुताराला या तिघांचा मनापासून तिटकारा होता. फौजी सैन्यात सतरा वर्षं होता, त्यातली सोळा भटारखान्यात. पण मिशा मात्र त्याने सरहद्दीवरच्या ठेवल्या होत्या. दुकानदाराची बंदूक दुनळी, नवी कोरी. तिच्या दस्त्यावरचं प्लास्टिक त्याने अजून काढलं नव्हतं, ओरखडे पडतील म्हणून. चेअरमनने बंदूक घेऊन इतके फोटो काढून घेतले होते, की नळीत बार भरायला त्याला सवडच मिळाली नव्हती. लाकूड ठोकून बघितल्याशिवाय भरीव की पोकळ ते कळत नाही म्हणतात. सुताराला माणसं नुसती बघून कळायची. निदान त्याला तसं वाटायचं.

मक्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, त्यानेच माळा बांधून दिला होता. चार खांब, वर फळ्या, शिडी. पहाटे चौघे वर चढायचे ते उन्हं तापली की उतरायचे. पंधरा दिवसांत एकूण शिकार म्हणजे डुकराचं एक पिल्लू, तेही आधीच लंगडं.

"मग, आज काय मारलं?" घरी आला की सुतारीण विचारायची. रंध्याच्या सालपटांत बसून ती खुर्चीच्या पायांना कानस मारत असायची.

"माशा. फौजीने तीन, चेअरमनने दोन. दुकानदाराची एक नेमकी हुकली."

ती खळखळून हसायची. "तुम्ही आहात म्हणून ठीक. नाहीतर त्या तिघांना डुकरांनीच उचलून नेलं असतं."

हे वाक्य सुताराला फार आवडायचं. म्हणून तो रोज काहीतरी नवीन सांगायचा.

त्या दिवशी साडेनऊ झाले असतील. दव वाळलं होतं, फळ्या तापायला लागल्या होत्या, चौघेही उतरायच्या बेतात होते. खाली, मक्याच्या पलीकडच्या पडीक रानात, दरवर्षीचा मेंढपाळ आपल्या चाळीसेक मेंढ्या चारत होता. साठीचा एकटा माणूस. चाऱ्याच्या मागे तो फिरायचा, पाच-सहा आठवडे राहायचा आणि पुढे जायचा. माळ्यापासून तिथपर्यंत मोठ्याने हाक मारली तर ऐकू जाईल, एवढंच अंतर.

गाडीवाटेने धुरळा उडवत एक टेम्पो आला आणि रानाच्या कडेला थांबला. तिघे उतरले. मेंढपाळ त्यांच्याकडे चालत गेला. काहीतरी बोलणं झालं. एकाच्या हातात पहार होती, ती चाक बदलायला असेल असं वरून वाटलं. तेवढ्यात मेंढपाळाचं कुत्रं भुंकत धावून गेलं. पहारीचा एक फटका बसला आणि ते गप्प झालं. दुसरा फटका मेंढपाळाच्या गुडघ्यावर. त्याचा आवाज वर ऐकू आला, ओली फांदी पिळवटून मोडावी तसा.

"अरे, हाणलं की त्याला!" दुकानदार म्हणाला.

"त्यांचं काहीतरी आपसातलं असेल," चेअरमन म्हणाला.

"आपसातलं? मेंढ्या भरतायत टेम्पोत."

"विकल्या असतील. सौद्यात खटका उडाला असेल. आपल्याला काय माहीत?"

खाली दोघांनी एकेका मेंढीच्या तंगड्या धरून, झोका देऊन, पोती भरावीत तशा मेंढ्या टेम्पोत टाकायला सुरुवात केली होती. कुठे घाई म्हणून नाही.

"चला खाली," सुतार म्हणाला. "आपण चौघं, चार बंदुका. नुसतं बांधावर उभं राहिलो तरी पळतील."

फौजीने डोळे बारीक केले. "दिसायला तिघं दिसतायत. पण टेम्पोत किती बसलेत, ते कोण सांगणार? आधी शत्रूची संख्या कळली पाहिजे."

"टेम्पोत मेंढ्या बसल्यात."

"परवान्यावर काय लिहिलंय, आठवतंय का?" चेअरमन म्हणाला. "रानडुकरांपासून पिकाचं रक्षण. माणसाचं नावसुद्धा नाही त्यात. उद्या एखाद्याला छर्रा लागला तर आत कोण जाणार? तू, मी."

"अहो, हवेत झाडा ना!"

"हवेतल्या गोळीलाही उत्तर द्यावं लागतं."

"आणि काय हो," दुकानदार हळूच म्हणाला, "तो आपल्या गावचा तरी आहे का? मागच्या आठवड्यात त्याच्याच मेंढ्या चेअरमनांच्या मक्यात होत्या."

"मी ते मनात ठेवलेलं नाही," चेअरमन म्हणाला. त्याने ते मनात ठेवलंय, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं.

मग पोलिसांना फोन लावायचं ठरलं. चेअरमनने फोन आभाळाकडे धरला, डावीकडे धरला, शेवटी एका खांबाला मिठी मारून कसाबसा लावला. "हो... हो साहेब... तिघं... एक मिनिट." त्याने फोनवर हात ठेवला. "हद्द विचारतायत. ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे," सुतार म्हणाला.

"ओढा तिथे वळतो," दुकानदार म्हणाला. "एका परीने बघितलं तर पलीकडेच."

दोघांचा वाद संपेपर्यंत फोन बंद पडला. मेंढपाळ कोपरांवर सरपटत टेम्पोपर्यंत पोहोचला होता आणि त्याने खाली लोंबणाऱ्या एका मेंढीचा पाय धरला होता. पहारवाल्याने त्याच्या मनगटावर बूट ठेवला आणि सिगारेट विझवावी तसा फिरवला.

फौजीने खिशातून खिळा काढून फळीवर रेघा मारल्या. "हे बघा. दोघं डावीकडून, दोघं उजवीकडून. पण मागून कव्हर पाहिजे. कव्हर मी देतो."

"कव्हर मी देतो," दुकानदार म्हणाला. "माझी दुनळी आहे."

"वरून मला सगळं नीट दिसतं," चेअरमन म्हणाला. "कव्हर मीच द्यायला हवं."

सुताराने तिघांकडे एकेकदा पाहिलं. "द्या मग," तो म्हणाला. "तिघं मिळून कव्हर द्या. बायका-पोरांना पण बोलवा, तेही देतील." आणि बंदूक खांद्याला लावून तो शिडी उतरला.

मक्यात शिरल्यावर वारा बंद झाला. पात्यांनी दंडावर बारीक चरे पडत होते, घाम त्यात उतरून झोंबत होता. तो झपाझप चालला होता. मेंढपाळासाठी त्याला फार वाईट वाटत होतं असंही नाही. त्याला पुढे ढकलत होता तो मागच्या तिघांबद्दलचा तिटकारा. आपण पुढे जातोय आणि ते तिघं वरून बघतायत, याची त्याला चालता चालता चवही येत होती. घरी गेल्यावर हे कसं सांगायचं, त्याचे शब्दही जुळायला लागले होते.

मका संपला. बांधावर घाणेरीचं दाट झुडूप होतं. तो त्याच्यामागे गुडघ्यावर बसला. पुढे साठ पावलांवर टेम्पो. त्याने घोडा चढवला, नळी फांदीत ठेवली.

इथून सगळं मोठं दिसत होतं. पहारवाल्याची मान रेड्यासारखी होती. दुसऱ्याच्या कमरेला सुरा. तिसरा बुटका, सारखा हसत होता. बंदूक एकाकडेही नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. उभं राहायचं आणि ओरडायचं, "ए!" एवढंच.

तो उभा राहिला नाही.

ते तिघं, माझा बार एक, असं त्याच्या मनात आलं. ठासणीची बंदूक; एक बार झाला की पुन्हा भरेपर्यंत माणूस तंबाखू मळून, खाऊन थुंकेल. बरं, वरच्यांचा काही भरवसा नाही. विचार खरा होता, म्हणूनच त्याला बरा वाटला.  

मेंढपाळ कुशीवर पडला होता, गाल मातीत. त्याचे डोळे फिरत फिरत झुडपावर आले आणि तिथेच थांबले. त्याने सुताराला पाहिलं. नळी पाहिली, तोंड पाहिलं. तो हाक मारेल म्हणून सुताराने श्वास धरून ठेवला. त्याने हाक मारली असती तर आपण गेलो असतो, असं नंतर सुताराने स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मेंढपाळाने हाक मारली नाही. थोडा वेळ पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

चौदा मेंढ्या झाल्यावर टेम्पो भरला. त्यांनी फाळका लावला, साखळी अडकवली. बुटक्याने मेंढपाळाच्या भोपळ्यातलं पाणी पिऊन उरलेल्या पाण्याने तोंड धुतलं. मग त्याने सहज वर माळ्याकडे पाहिलं. उन्हात तीन नळ्या चमकत होत्या. ओळखीचं माणूस दिसल्यावर करतात तसा त्याने हात केला आणि गाडीत चढला.

टेम्पो वळणाआड गेला, धुरळाही बसला, तेव्हा माळ्यावरून बार उडाले. एक, दोन, तीन. आणि मग, का ते देव जाणे, सुतारानेही नळी वर करून घोडा दाबला.

तिघे धापा टाकत खाली आले. "पळाले की नाही!" फौजी ओरडला. "पळाले की नाही, सांगा!"

माळ्याची एक फळी काढून तिच्यावर मेंढपाळाला घातलं आणि दवाखान्यात नेलं. फळी उचलणाऱ्यांत सुतार पुढे होता. वाटेत मेंढपाळ एकदाही कण्हला नाही आणि कुणाशी बोललाही नाही.

दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर गोष्ट तयार झाली. चौघांनी गोळीबार केला म्हणून दरोडेखोर चौदा मेंढ्यांवर भागवून पळाले, नाहीतर सगळा कळप गेला असता, म्हातारा जिवानिशी गेला असता. त्यात सुतार तर मक्यातून एकटा पुढे घुसला! हे तिघांनीच सांगितलं, आणि अगदी दिलदारपणे सांगितलं. वर काय बोलणं झालं ते सुताराला ठाऊक होतं, म्हणून त्याच्या पानात ते जरा जास्तच वाढत होते. खाली काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पोलीस आले तेव्हा साहेबांनी प्रत्येकाला एकच विचारलं, "ते असताना गोळी झाडली?"

"हो," फौजी म्हणाला. "हो," दुकानदार म्हणाला. "हो," चेअरमन म्हणाला.

"हो," सुतार म्हणाला. एवढ्याशा शब्दात एवढं खोटं मावतं, याची त्याला कल्पना नव्हती.

घरी सुतारणीने पाणी तापवून ठेवलं होतं. तिने त्याचे दंड धुतले, पात्यांच्या चऱ्यांना तेल लावलं. "एकटे गेलात?" ती म्हणाली. "त्या तिघांना वर ठेवून? मला रांडमुंड करायची होती का?" रागाने बोलत होती, पण हात हळू फिरत होता. गेल्या कित्येक वर्षांत फिरला नव्हता इतका हळू.

बापाने खाटेवरून विचारलं, "किती अंतर होतं?"

"साठ पावलं."

"वारा?"

"नव्हता."

म्हातारा विचारात पडला. "साठ पावलं, वारा नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "मग हुकली कशी?"

"हवेत झाडली, बाबा."

"हां, हवेत," म्हातारा म्हणाला आणि कुशीवर वळला.

मेंढपाळाला कुणी नव्हतं. उरलेल्या मेंढ्यांचं काय करायचं, असा प्रश्न आला. गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलं, तेव्हा सुतारीण पुढे झाली. "आमच्या मागच्या वाड्यात राहतील," ती म्हणाली. "यांनी वाचवल्या, आता आम्ही सांभाळतो." मग तिचं काम दुप्पट झालं. उजाडायच्या आत मेंढ्या सोडायच्या, दुपारी येऊन कानस-पॉलिश, संध्याकाळी पुन्हा मोजून आत घ्यायच्या. लेंड्या काढताना तिची कंबर धरायची. पण कुणी विचारलं की ती सगळी गोष्ट सांगायची, झुडपापर्यंतची आणि झुडपापुढचीही. झुडपापुढची तिने स्वतःच बनवली होती, आणि ती चांगली बनली होती. सुतार आत ठोकत असायचा. ती सांगायला लागली की तो जोराने ठोकायचा.

त्याचा हात बिघडला. दाराच्या चौकटीला त्याने कुसू कमी धरलं, सांध्यात बोट जाईल एवढी फट राहिली. ती त्याने भुसा आणि सरस भरून बुजवली. गिऱ्हाइकाने नजर टाकली आणि हात जोडून चौकट नेली. पूर्वी असं काम दिलं असतं तर त्याने चौकट अंगावर फेकली असती.

माळ्यावर जाणं चालूच होतं. एकदा सुतारणीने सवयीने विचारलं, "मग आज त्या तिघांनी काय मारलं?"

"तशी वाईट माणसं नाहीत ती," सुतार म्हणाला.

ती कानस थांबवून त्याच्याकडे बघत राहिली.

साडेतीन आठवड्यांनी मेंढपाळ आला. कुणाच्या तरी बैलगाडीतून आला आणि गाडीवाल्याच्या खांद्याला धरून अंगणात उतरला. गुडघा वाकत नव्हता. पाय लाकडासारखा पुढे ताठ. पांढरी दाढी वाढली होती. सुतारीण लगबगीने बाज घेऊन आली, पाणी दिलं, मग मागचं फाटक उघडलं. मेंढ्यांनी त्याला ओळखलं. गर्दी करून त्याच्या हाताला, मांडीला तोंडं घासायला लागल्या. तो एकेकीच्या पाठीत बोटं खुपसून मांस बघत होता.

"छान ठेवल्यात, ताई," तो म्हणाला. "माझ्याकडे नव्हत्या एवढ्या भरलेल्या. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले?" सुतारीण म्हणाली. "आणि माझे कशाला? यांचे म्हणा. हे त्या दिवशी एकटे पुढे आले म्हणून तर तुम्ही आज दिसताय."

सुतार दारात उभा होता, हातात पटाशी. त्याला आत जाता आलं असतं. तो गेला नाही.

मेंढपाळाने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पाऊस पडेल का म्हणून आभाळाकडे बघतात तसं पाहिलं.

"हो, आले होते," तो म्हणाला. "झुडपामागे बसले होते. मी बघितलं ना."

"बसले होते?" सुतारीण म्हणाली.

"बंदूक घेऊन. गाडी भरून जाईपर्यंत." तो एका मेंढीच्या कानातली गोचीड काढत बोलत होता. "मी मग मुद्दाम तोंड फिरवलं. म्हटलं, माझ्या नजरेचा माग धरून त्यांनी तिकडे बघितलं तर ह्यांचं काय होईल? फार घाबरलेले दिसत होते. माझं तर व्हायचं ते होतच होतं." गोचीड त्याने दगडावर ठेवून नखाने चिरडली. "गोळ्या नंतर उडाल्या. गाडी गेल्यावर. तोवर माझं कुत्रंही गार झालं होतं."

 खाटेवरून म्हाताऱ्याने खाकरल्यासारखं केलं. गाडीवाला बैलांकडे बघायला लागला.

"मी कुबडीसाठी आलोय," मेंढपाळ म्हणाला. "दवाखान्यातली टोचते. काखेत मऊ बसेल अशी एक करून द्या, म्हणजे निघतो. मेंढ्या उपाशी आहेत म्हणून नव्हे, रान अजून लांब आहे."

सुताराने माप घ्यायला टेप काढला. काखेपासून टाचेपर्यंत धरताना त्याला मेंढपाळाच्या तोंडाजवळ तोंड न्यावं लागलं. मेंढपाळाने हात वर करून नीट माप घेऊ दिलं.

लाकडाचा एक जाड ओंडका कोपऱ्यात होता. तो उभा चिरायला दोघांची करवत लागायची. दुसरं टोक कायम सुतारीणच धरायची; लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून, बत्तीस वर्षं. आज ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो ओंडका घोडीवर चढवून, दोऱ्याने रेघ मारून नुसताच उभा राहिला.

ती आली. पदर खोचला, समोर उभी राहिली, मूठ धरली. तोंडावर काहीच नव्हतं. दोन ओढींत दाते लाकडात बसले, भुसा पडायला लागला. तिसऱ्या ओढीला त्याचा हात थांबला. तिच्याकडे बघून काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं.

"थांबलास का?" ती म्हणाली. "ओढ."

बत्तीस वर्षांत ती त्याला कधी असं बोलली नव्हती. सासऱ्यासमोर, परक्या माणसासमोर तर नाहीच. मेंढपाळाने मान खाली घातली.

"ऐकू येत नाही?" ती म्हणाली. "ओढ म्हणते ना. माणूस खोळंबलाय."

त्याने ओढली.